सोफिस्ट म्हणजे वितंडवादी?

मावळतीकर :
पदवीच्या मुलांसाठी ग्रीक राजकीय विचारांवर मराठीत टिपणं काढते आहे. सॉक्रेटिसपर्यंत पोचण्याआधीच एका शब्दापाशी अडले. ‘सोफिस्ट’ला, म्हणजे इ.स.पू. पाचव्या शतकातल्या त्या फिरत्या ग्रीक शिक्षकांना, मराठीत काय म्हणावं? जुन्या टिपणांत आणि मुलांच्या उत्तरपत्रिकांत सरसकट ‘वितंडवादी’ दिसतं. मागच्या वर्षी एका मुलाने लिहिलं होतं, ‘सोफिस्ट हे पैसे घेऊन भांडायला शिकवणारे लोक होते.’ वाचून आधी हसले. मग वाटलं, त्याचं काय चुकलं? मी दिलेल्या शब्दाचा त्याने सरळ अर्थ लावला.

अडचण अशी, की याच लोकांनी कायदा माणसांनी ठरवलेला असतो, राज्यकारभार शिकवता येतो, निसर्ग कोणाला गुलाम करत नाही, असली वाक्यं उघड बोलून दाखवली. ती ‘वितंडा’त कशी कोंबायची?

कोरडेठाक :
ताई, शब्द ठीक आहे, बदलू नका. अ‍ॅरिस्टॉटलने व्याख्या करून ठेवली आहे : दिसायला शहाणपण, आत काही नाही, आणि त्यावर कमाई करतो तो सोफिस्ट. प्लेटोच्या ‘सोफिस्ट’ या संवादात पहिलीच व्याख्या आहे ती श्रीमंत तरुणांची पगारी शिकार करणारा. अरिस्टोफेनिसने इ.स.पू. 423 मध्ये ‘मेघ’ नाटकात घेणेकऱ्यांना बुडवता यावं म्हणून वाद शिकायला निघालेला म्हातारा रंगवला. प्रोटॅगोरस नावाचा सोफिस्ट एका शिष्याचे शंभर मिना घ्यायचा म्हणतात. म्हणजे दहा हजार द्राख्मा. आणि कुशल कारागिराची मजुरी होती दिवसाला साधारण एक द्राख्मा. बोलणाऱ्याचे हुलगे खपतात, न बोलणाऱ्याचे गहूही खपत नाहीत, यातलाच प्रकार.

अडाणी नैयायिक :
बाकी काहीही म्हणा, पण ‘वितंडा’ हा शब्द तरी त्याच्या मापाने वापरा. न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्या तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार लागोपाठ तीन सूत्रांत सांगितलेत (1.2.1 ते 1.2.3). प्रमाणं आणि तर्क घेऊन सत्य शोधायला बसतात तो वाद. जिंकण्यासाठी छल (शब्दाचा वाकडा अर्थ लावणं), जाती (फसवी उत्तरं), निग्रहस्थानं (समोरच्याला हरवणाऱ्या चुका पकडणं) सगळी हत्यारं काढतात तो जल्प. आणि ‘स प्रतिपक्षस्थापनाहीनो वितण्डा’, म्हणजे समोरच्याचं नुसतं खोडायचं, स्वतःचा पक्ष मांडायचाच नाही.

आता ही पट्टी लावून बघा. ‘माणूस हे सगळ्या गोष्टींचं माप आहे’ हे प्रोटॅगोरसचं वाक्य म्हणजे धडधडीत पक्ष आहे. थ्रासिमाकसची न्यायाची व्याख्या, तोही पक्ष. याउलट ‘मला काहीच ठाऊक नाही’ म्हणत समोरच्याची प्रत्येक व्याख्या मोडायची आणि स्वतःची द्यायची नाही, हे कोण करत होतं? आमचे आदरणीय सॉक्रेटिस! प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या पहिल्या भागात थ्रासिमाकस चिडून हेच म्हणतो, तू नुसते प्रश्न विचारतोस, उत्तर द्यायची वेळ आली की अंग काढून घेतोस. सूत्राच्या अक्षराने गेलात तर वैतंडिक तोच ठरेल.

कोरडेठाक :
सॉक्रेटिसला वितंडवादी म्हणणं हाच वितंडवाद झाला.

अडाणी नैयायिक :
म्हणून तर म्हणतो, शब्द जपून. खरे छलवाले ग्रीकांत नव्हते असं नाही. प्लेटोच्या ‘युथिडेमस’मध्ये दोघे भाऊ आहेत, त्यांचा युक्तिवाद ऐका : हा कुत्रा तुझा आहे ना? याला पिल्लं आहेत, म्हणजे हा बाप आहे ना? तर मग हा तुझा बाप! न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यातलं नवकंबलाचं उदाहरण याच जातीचं. कोणी म्हणालं ‘हा मुलगा नवकंबल आहे’, म्हणजे नवी घोंगडी असलेला; छल करणारा म्हणतो, कुठे आहेत नऊ घोंगड्या, मला तर एकच दिसते. या दोघा भावांना ‘शब्दच्छल करणारे’ खुशाल म्हणा. पण त्यांच्यावरून अख्ख्या पिढीला तो शिक्का मारू नका.

मावळतीकर :
मजा म्हणजे मराठीत या तिन्ही शब्दांची घसरण झाली. ‘जल्प’ची ‘जल्पना’ झाली, म्हणजे वायफळ बडबड. ‘छल’चा ‘छळ’ झाला, त्यात युक्तिवाद उरलाच नाही, नुसता त्रास उरला. आणि ‘वितंडा’ला आपण ‘वाद’च जोडून टाकला, जे नैयायिकांच्या लेखी दोन वेगळे प्रकार!

ओसरी :
घसरण ‘सोफिस्टेस’ या मूळ ग्रीक शब्दाचीही झाली आहे, तीच मुळातली गोष्ट. ‘सोफोस’ म्हणजे शहाणा, ‘सोफिया’ म्हणजे शहाणपण किंवा कसब. इतिहासकार हेरोडोटस अथेन्सच्या सोलोन या कायदेकर्त्याला याच शब्दाच्या रांगेत बसवतो, पायथागोरसलाही ‘सोफिस्टेस’ म्हणतो, आणि त्यात शिवी नाही. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्यानंतर गावोगाव फिरून फी घेऊन शिकवणाऱ्यांना हा शब्द चिकटला. प्रोटॅगोरस अब्डेराचा, गोर्जियास सिसिलीतल्या लिऑन्टिनीचा, प्रॉडिकस केऑस बेटावरचा, हिप्पियास एलिसचा, थ्रासिमाकस कॅल्सिडनचा. बहुतेक सगळे अथेन्समध्ये परके. सभेत बोलायचा हक्क नाही, मत नाही. आणि शिकवतात काय, तर सभेत कसं बोलायचं. गोर्जियास इ.स.पू. 427 मध्ये आपल्या गावाचा दूत म्हणून मदत मागायला आला आणि अथेन्सकरांना त्याच्या भाषेचंच वेड लागलं.

गिऱ्हाईक का होतं तेही बघा. अथेन्सच्या न्यायालयात ज्याचं भांडण त्याने स्वतः उभं राहून बोलायचं. ऐकायला शेकड्यांनी पंच, सॉक्रेटिसच्या खटल्याला सुमारे पाचशे. तिथे ज्याची जीभ अडखळली त्याचं शेत गेलं. पिढीजात घराण्यांना बोलणं घरातच मिळायचं. पैसे मोजून ते बाहेर मिळू लागलं, तेव्हा जुन्या घराण्यांना राग येणारच. प्लेटो जुन्या घराण्यातला, हे मी नुसतं सांगून ठेवतो.

आणि शिक्का किती सैल होता बघा : सॉक्रेटिस गेल्यावर पन्नासेक वर्षांनी, इ.स.पू. 345 च्या एका खटल्यात, वक्ता एस्किनिस अथेन्सकरांना सांगतो की तुम्ही सोफिस्ट सॉक्रेटिसला मारलंत, कारण त्याने क्रिटियासला, लोकशाही मोडणाऱ्या तीस जुलमींपैकी एकाला, शिकवलं होतं. प्लेटोने सॉक्रेटिस आणि सोफिस्टांमध्ये जी भिंत बांधली ती रस्त्यावरच्या माणसाला दिसतच नव्हती.

कोरडेठाक :
बरं, ‘दुबळा युक्तिवाद सबळ करून दाखवणं’ हे तरी त्यांचंच ना? प्रोटॅगोरसच्या नावावर अ‍ॅरिस्टॉटलनेच ते घातलंय. मराठीत याला खोट्याचं खरं करणं म्हणतात.

ओसरी :
नाही म्हणत. मूळ शब्द ‘हेत्तोन’ आणि ‘क्रेइत्तोन’. कमजोर आणि जोरकस, असा पहिला अर्थ. खरं-खोटं हे शब्द त्यात नाहीतच. सभेत ज्या बाजूला आज कमी हात वर होतात तिला उभं करणं, हाही त्याचा अर्थ होतो. विरोधी पक्ष दुसरं काय करतो? पण तेच शब्द ‘चांगला’ आणि ‘वाईट’ असेही वाचता येतात. अरिस्टोफेनिसने ते तसेच खेळवले, आणि नाटकात वाईट युक्तिवाद चांगल्याला हरवतो. भाषांतर करताना ‘खोट्याचं खरं’ लिहिलंत की निकाल तुम्हीच देऊन मोकळे. ‘दुबळी बाजू सबळ करणं’ इतकंच लिहा.

मावळतीकर :
हे पटलं, लिहून ठेवते. आता पुढची अडचण, आणि माझ्या मते खरी. ‘नोमोस’ आणि ‘फिसिस’. सोफिस्टांचं राजकीय चिंतन या जोडीभोवती फिरतं. ‘कायदा आणि निसर्ग’ असं लिहिलं की मुलांना वाटतं पर्यावरणाचा धडा आहे.

अडाणी नैयायिक :
‘फिसिस’ला ‘स्वभाव’ म्हणा. नुसतं अर्थाने नाही, नात्यानेही जवळचा आहे. ‘फिसिस’मागचा धातू आणि संस्कृत ‘भू’ एकाच मुळाचे. जे आपोआप होतं, वाढतं ते.

ओसरी :
‘नोमोस’ला एक शब्द पुरणार नाही. ‘नेमेइन’ म्हणजे वाटून देणं, त्यावरून आलेला. कायदा, रूढी, रीत, परंपरेने मान्य झालेलं, सगळं त्यात. हेरोडोटसची गोष्ट सांगा मुलांना, आपला संबंधही आहे त्यात. इराणचा राजा दरायसने ग्रीकांना विचारलं, किती पैसे दिले तर मेलेल्या बापाचं मांस खाल? ते म्हणाले, कशानेही नाही. मग ‘कलातिआई’ नावाच्या हिंदी जमातीला विचारलं, ज्यांच्यात ते खाण्याचीच रीत होती, की किती पैसे दिले तर बापाला जाळाल? ते किंचाळले, असलं अभद्र बोलू नका! ‘नोमोस सगळ्यांचा राजा’ असं पिंडार कवीचं वचन देऊन हेरोडोटस गोष्ट संपवतो. इथे ‘कायदा’ घातला तर गोष्टच मरते. ‘रीत’ हवं.

जमीनजुमला :
मी तालुक्याच्या कोर्टात दस्त वाचणारा माणूस, ग्रीक कळत नाही. पण रीत आणि कायदा यांच्या मधला शब्द आमच्याकडे रोज वापरात आहे : वहिवाट. रस्ता कागदावर कोणाचाही असो, वर्षानुवर्षं लोक वापरत आले की वहिवाटीचा हक्क तयार होतो. माणसांनी चालून चालून तयार केलेला कायदा.

मावळतीकर :
वा! ‘वहिवाट’ मला सुचलाच नसता. हिप्पियासच्या तोंडी प्लेटोने घातलेलं वाक्य मग असं होईल : इथे जमलेले आपण सगळे स्वभावाने सोयरे, भाऊबंद, एका गावचे आहोत, वहिवाटीने नाही, वहिवाट ही माणसांवरची जुलमी राणी, स्वभावाविरुद्ध कितीतरी गोष्टी करायला लावते. ‘जुलमी’ हवंच, मुळात ‘तिरान्नोस’ आहे.

पिंपळपान :
‘नोमोस’वर एक भर, आणि ही ऐकून मी स्वतः दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटलो होतो. ग्रीक ‘नोमोस’ सिरियाक भाषेतून अरबीत गेला, तिथे ‘नामूस’ झाला : आधी कायदा, मग इभ्रत. फारसीत ‘नामूस’ म्हणजे अब्रू. आणि फारसीतून मराठीत? नामोशी! तिचीच बहीण नामुष्की. निवडणुकीत अनामत जप्त होण्याची ‘नामुष्की ओढवली’ असं वर्तमानपत्र छापतं तेव्हा त्यात प्रोटॅगोरसच्या वेळचा ‘नोमोस’ बसलेला असतो. फक्त वाटेत तो उलटा झाला. कायदा होता, अब्रू झाला, आणि आपल्याकडे पोचेपर्यंत अब्रू गेल्याचं दुःख तेवढं उरलं.

कोरडेठाक :
हे मात्र झकास. माझा विरोध पाच मिनिटं स्थगित.

मावळतीकर :
पिंपळपान, तुम्ही माझं पुढचं कोडंच सोडवायला घेतलंत, कारण मला ‘आइदोस’ विचारायचा होता. प्रोटॅगोरसची कथा अशी : प्रॉमिथियसने माणसाला अग्नी आणि कारागिरी दिली, पण माणसं एकत्र राहिली की एकमेकांच्या उरावर बसायची. झ्यूसने हर्मिसकरवी दोन गोष्टी पाठवल्या, ‘आइदोस’ आणि ‘दिके’. हर्मिस विचारतो, वैद्यकी एकाला दिली की अनेकांना पुरते, तशीच वाटू का? झ्यूस म्हणतो, नाही, सगळ्यांना दे. मोजक्यांकडे राहिली तर नगरं उभीच राहणार नाहीत. म्हणून जहाज बांधायचं तर अथेन्सकर जहाज बांधणाऱ्यालाच विचारतात, पण नगराचा कारभार असेल तर सुतार, लोहार, चांभार, व्यापारी, कोणीही उठून बोललेलं ऐकून घेतात. लोकशाहीची बाजू इतक्या नेटाने मांडणारा मजकूर त्या काळचा दुसरा मला माहीत नाही, आणि तो आपल्यापर्यंत पोचला लोकशाही न आवडणाऱ्या प्लेटोच्या हातून. ‘दिके’ म्हणजे न्याय, तिथे अडचण नाही. ‘आइदोस’ला ‘लज्जा’ लिहिलं तर मुलांना नववधू आठवते.

ओसरी :
‘भीड’? ‘मर्यादा’?

जमीनजुमला :
‘चाड’. न्यायाची चाड, अब्रूची चाड. किंवा आमची आजी म्हणायची तसं, जनाची नाही तर मनाची तरी.

मावळतीकर :
‘चाड’ पक्का. आणि आजींच्या म्हणीने तर अँटिफॉन हा सोफिस्टही सुटला! इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या पपायरसांत त्याच्या ‘सत्य’ या ग्रंथाचे तुकडे सापडले. त्यात तो म्हणतो, साक्षीदार असतील तेव्हा नोमोस पाळ, एकटा असशील तेव्हा फिसिसचं ऐक, यातच फायदा आहे. कारण कायदा मोडून कोणी पाहिलं नाही तर शिक्षा नाही. स्वभावाविरुद्ध गेलं तर कोणी बघो न बघो, भोगावंच लागतं. म्हणजे जनाची आहे तोवर ठीक, मनाच्या लाजेला इथे जागाच नाही! हा उपदेश आहे की नुसतं निरीक्षण, यावर अभ्यासक भांडतात. मला निरीक्षण वाटतं. त्याच तुकड्यांत तो म्हणतो की ग्रीक काय आणि परके काय, स्वभावतः सारखेच, सगळे तोंडा-नाकाने हवाच घेतात. इतक्या साध्या पुराव्यावर इतकं मोठं विधान करणारा माणूस मला आवडतो.

कोरडेठाक :
पाच मिनिटं संपली. थ्रासिमाकसचं काय करणार? ‘न्याय म्हणजे बलवानाचं हित.’ याला मराठीत सरळ ‘बळी तो कान पिळी’ लिहून टाका.

ओसरी :
मोह होतो खरा. पण म्हण कोण म्हणतं? ज्याचा कान पिळला गेला तो. त्यात तक्रार आहे, आणि हे न्याय्य नाही हे गृहीत आहे. थ्रासिमाकस पुढे जातो. तो म्हणतो, प्रत्येक सत्ता आपल्या सोयीचे कायदे करते, लोकशाही लोकशाहीच्या, जुलमी राजा स्वतःच्या, आणि मग ते पाळण्यालाच ‘न्याय’ असं नाव देते. कान पिळला जातो एवढंच त्याला सांगायचं नाही. पिळण्याला न्याय म्हणायला शिकवलं जातं, हे सांगायचं आहे. इथला ‘बलवान’ म्हणजे पुन्हा तोच मघाचा ‘क्रेइत्तोन’. म्हण खरी बसते ती ‘गोर्जियास’ संवादातल्या कॅलिक्लिसला. तो म्हणतो, कायदे दुबळ्यांच्या घोळक्याने केलेत. स्वभावाचा नियम म्हणजे जबरदस्ताने जास्त घ्यावं. तर पिळतो त्याच्या बाजूने म्हटलेली ती म्हण. मात्र तो सोफिस्ट नव्हे. उलट सोफिस्टांना कवडीमोल म्हणणारा घरंदाज अथेन्सकर. तरी पाठ्यपुस्तकांत त्याचं पाप यांच्याच खात्यावर.

जमीनजुमला :
यांच्यात कायद्याबद्दल बरं बोलणारा कोणी नव्हता का?

मावळतीकर :
होता की, आणि तुम्हाला आवडेल असा. लायकोफ्रॉन. कायदा म्हणजे काय, तर लोकांनी एकमेकांच्या हक्कांना दिलेली हमी. त्याचा शब्द ‘एंग्युएतेस’, अक्षरशः जामीन. अ‍ॅरिस्टॉटल हे वाक्य ‘पॉलिटिक्स’मध्ये देतो आणि लगेच नाक मुरडतो, की अशाने नगर म्हणजे नुसता करार होईल, नागरिक चांगले कसे होणार?

जमीनजुमला :
जामीन लोकांना चांगलं करत नाही, बरोबर आहे. पण जामीन नसला की कळतं.

अडाणी नैयायिक :
या धाग्यावर प्रॉडिकसचं नाव नुसतं गावाच्या यादीत येऊन गेलं, हा अन्याय आहे. शब्दचर्चेचा मूळपुरुष तो! शब्दांच्या अचूक वापरावर त्याची दोन व्याख्यानं होती, एक पन्नास द्राख्मांचं आणि एक एका द्राख्माचं. सॉक्रेटिस म्हणतो, मी गरीब, स्वस्तातलंच ऐकलं, नाहीतर तुम्हाला नावांबद्दलचं सगळं सत्य सांगितलं असतं. ‘प्रोटॅगोरस’ संवादात प्रॉडिकस कोठीच्या खोलीत घोंगड्या पांघरून पडल्या पडल्या शिकवतोय, आणि आवाज इतका घुमतोय की बाहेर शब्दच कळत नाही. (नवकंबल!) भांडण पेटतं तेव्हा तो मध्ये पडून सांगतो : दोघांचंही ऐका, पण दोघांना सारखेच गुण देऊ नका, आणि वाद घाला, तंटा करू नका. वाद मित्रांत सद्भावाने होतो, तंटा वैऱ्यांत.

पिंपळपान :
आणि ‘देइनोस’! म्हणजे भयंकर. लोक कौतुकाने ‘प्रोटॅगोरस भयंकर हुशार’ म्हणायचे, आणि प्रॉडिकस सॉक्रेटिसला झापायचा : लाज नाही वाटत चांगल्याला भयंकर म्हणायला? ‘भयंकर रोग’, ‘भयंकर युद्ध’ म्हणतात, ‘भयंकर आरोग्य’, ‘भयंकर शांतता’ कोणी म्हणतं का? आपल्याकडे ‘भयंकर सुंदर’वर आक्षेप घेणारे काका असतात ना, त्यांची परंपरा किमान चोवीसशे वर्षांची आहे.

कोरडेठाक :
तो काका मीच. आणि ‘भयंकर शांतता’ मराठीत म्हणतात, प्रॉडिकसला कळवा.

ओसरी :
प्लेटो त्याची टर उडवतो, पण हे नुसतं पांडित्य नव्हतं. इ.स.पू. 427 च्या कॉर्सिरा या ग्रीक बेटावरच्या यादवीचं वर्णन करताना इतिहासकार थुसिडिडीस लिहितो की लोकांनी शब्दांची नेहमीची किंमतच बदलून टाकली. अविचारी धाडसाला पक्षनिष्ठ शौर्य म्हणू लागले, सावधपणाला भेकडपणा. अशा दिवसांत ‘धाडस’ आणि ‘शौर्य’ वेगळे ठेवायला शिकवणारा मास्तर काय कामाचा, ते वेगळं सांगायला नको.

मावळतीकर :
आता ठरवायला हवं. ‘वितंडवादी’ काढते. ‘सोफिस्ट’ तसाच ठेवते आणि पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ देते. मसुदा : ‘सोफिस्ट – इ.स.पू. पाचव्या शतकात पैसे घेऊन वक्तृत्व व राज्यकारभार शिकवणारे फिरते शिक्षक. नगराला लागणारे गुण जन्माने येत नाहीत, शिकवता येतात, असे त्यांच्यापैकी अनेकांचे प्रतिपादन होते.’ यातला ‘गुण’ म्हणजे ग्रीक ‘अरेते’. त्याला मुद्दाम ‘सद्गुण’ म्हटलेलं नाही, त्याला देवळाचा वास येतो.

ओसरी :
‘शिकवता येतात’ला प्रोटॅगोरसचा दाखला जोडा. सॉक्रेटिस विचारतो, हे गुण शिकवणारे शिक्षक आहेत कुठे? प्रोटॅगोरस म्हणतो, ग्रीक बोलायला शिकवणारा शिक्षक शोधायला जाशील तर तोही सापडणार नाही, कारण सगळेच शिकवत असतात. मी फक्त इतरांपेक्षा थोडं पुढे नेतो, आणि त्याचे पैसे घेतो. फी जास्त वाटली तर शिष्याने देवळात जाऊन शपथेवर सांगायचं की शिकवणं कितीचं होतं, आणि तेवढेच ठेवायचे.

कोरडेठाक :
ही सोय आमच्या मुलीच्या क्लासवाल्यांनी ठेवली असती तर मी रोज देवळात असतो. ताई, मसुदा चालेल, एक बदल. ‘पैसे घेऊन’ आधी आलंय, त्यामुळे तुमचा तो विद्यार्थी पुन्हा तिथेच थांबेल. ‘वक्तृत्व व राज्यकारभार शिकवणारे फिरते शिक्षक’ आधी लिहा. ‘त्याबद्दल ते फी घेत’ शेवटी.

मावळतीकर :
केलं. आणि ‘पैसे’च्या जागी ‘फी’ही केलं, क्लास लावलेल्या मुलांना तो शब्द बोचणार नाही.